नसलेल्या गल्ल्यांमधून सायकल

जपानी माणूस नाही म्हणत नाही. तो दातांतून हवा आत ओढतो, मान थोडी वाकडी करतो आणि म्हणतो, "ते जरा..." पुढचं आपण समजून घ्यायचं, कमरेत वाकायचं आणि घरी जायचं. मला सेंदाईत येऊन सात वर्षं झाली. मी दरवेळी समजून घेते आणि मुकाट्याने घरी जाते. माझ्या वरच्या मजल्यावरच्या मंजुषाताई जात नाहीत. "नाही म्हणाले का? नाही ना? मग झालं तर!" असं म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलासमोर हजर. त्यांचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. त्यांना सगळं समजतं. समजून घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं आहे.

दोन हजार बावीसच्या त्या उन्हाळ्यात त्या अशा चार वेळा उभ्या राहिल्या, किनारा सायकल मंडळाच्या ओयिकावासानांच्या, म्हणजे आपल्याकडचे ओयिकावाराव, टेबलासमोर. त्यांना मंडळाची निळी दंडपट्टी हवी होती. ही पट्टी दंडावर बांधली की रविवारी सायकलवरून येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवता येते. वाट म्हणजे गामोच्या दलदलीपासून निघून समुद्राच्या कडेकडेने, जुन्या कालव्याशेजारून, नातोरी नदीचा पूल ओलांडून युरिआगे गावापर्यंत. पंधरा-सोळा किलोमीटर. पैसे मिळत नाहीत. दुपारी एक कप चहा मिळतो, तोही कागदी कपात. त्या पट्टीसाठी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई एवढी का इरेला पेटली, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

मंजुषाताई मूळच्या नाशिकच्या. नवरा शैलेंद्र विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो, त्याच्यामागून त्या दोन हजार आठ साली इथे आल्या. मुलगी नुपूर तेव्हा चार वर्षांची. ताईंना सायकल येत नव्हती. नाशिकला शाळा घराच्या समोर, कॉलेज घराच्या मागे, मग सायकल शिकून जायचं कुठे, असं त्या म्हणतात. इथे आल्यावर त्या चालत बाजारात जायच्या, चालत मुलीला आणायच्या, आणि आपल्या वरच्या मजल्यावरच्या नंदिनीची जांभळी सायकल बघून न बघितल्यासारखं करायच्या. पुढे टोपली, मागे कॅरियर, गिअर एकही नाही. अशा सायकलीला इथे ममाचारी म्हणतात, म्हणजे आईची सायकल.

मग दोन हजार अकराचा अकरा मार्च आला. इमारत हलली, भिंतीला भेग गेली, वीज गेली, पाणी गेलं, संध्याकाळी बर्फ पडायला लागला. त्सुनामी शहराच्या पूर्वेच्या उंच हमरस्त्यापाशी थांबली. तिथून यांची इमारत सायकलने दहा मिनिटं. खालच्या मजल्यावर कोन्नोसान नावाच्या म्हातारबाई लेकीकडे दोन दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आणि जिन्यात उभं राहून हाक मारली, "ज्याला थंडी वाजतेय त्याने आत या." मंजुषाताई, शैलेंद्र आणि नुपूर तीन रात्री त्या स्टोव्हभोवती झोपले. तिसऱ्या दिवशी कळलं, कोन्नोसानांचं युरिआगेचं घर राहिलेलं नाही. गल्ली राहिलेली नाही. गावच जवळपास राहिलेलं नाही.

पाचव्या दिवशी भारतीयांना न्यायला बस आली. फुकुशिमाच्या बातम्या येत होत्या, दोन्हीकडच्या घरून रडारड चालली होती. नंदिनी हातातल्या बॅगेसकट धावत खाली आली, सायकलची किल्ली मंजुषाताईंच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तू पण चल, वेडी आहेस का?" ताई म्हणाल्या, "मी नाही येत." शैलेंद्रने समजावलं, तो स्वतः प्रयोगशाळेसाठी थांबणार होता, पण बायकोने जावं असं त्याचं म्हणणं. आई फोनवर ओरडली. या बाईने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "ज्यांच्या स्टोव्हवर हात शेकले, त्यांचं घर गेलंय. त्यांना सोडून मी आत्ता जाणार नाही." शहाणपणाचा निर्णय होता असं मी म्हणत नाही. मुलगी सात वर्षांची होती. मी असते तर त्या बसमध्ये पहिली चढले असते आणि खिडकीची जागा धरली असती. पण म्हणूनच तर मी त्यांच्याबद्दल लिहितेय, माझ्याबद्दल नाही.

पेट्रोल मिळत नव्हतं. गाड्या नुसत्या उभ्या. कोन्नोसानांना गाव बघायला जायचं होतं आणि लेकीची सायकल त्यांना चालवता येत होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाई. सगळं आयुष्य बंदरावर शिंपल्या सोलण्यात गेलं, मनगटं लोखंडासारखी. एकटीला लेक सोडेना. तेव्हा त्यांनी मंजुषाताईंना पार्किंगमध्ये उभं केलं आणि नंदिनीच्या सायकलवर बसवलं. बारा दिवसांत ताई शिकल्या. गुडघे फुटले, कोपर सोलवटलं. एकदा त्या कुंपणावर आदळल्या, तेव्हा कोन्नोसान म्हणाल्या, "कुंपण भूकंपात पडलं नाही, तुझ्याने काय पडणार? ऊठ."

एप्रिलमध्ये दोघी आतल्या रस्त्याने युरिआगेला गेल्या. तिथे जे दिसलं ते मंजुषाताई क्वचितच सांगतात. घरांची जोती तेवढी उरली होती, आणि मधोमध हियोरियामा, म्हणजे दोन मजल्यांएवढी मातीची टेकडी. कालवा मात्र होता तिथेच होता. चारशे वर्षांपूर्वी तांदळाच्या होड्यांसाठी खणायला घेतलेला, त्याच्यावरून समुद्र गेला आणि तो जागचा हलला नाही. कोन्नोसान टेकडीपासून चालायला लागल्या. सगळं सपाट झालेलं, कुठूनही कुठेही जाता आलं असतं. पण त्या सरळ गेल्या नाहीत. वीस पावलं चालून डावीकडे वळल्या, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ताई मधूनच आडव्या जायला लागल्या तर त्यांनी दरडावलं, "अगं, ते साकुराईंचं स्वयंपाकघर आहे. लोकांच्या घरातून असं जातात का?"

त्या दिवशी दोघी नसलेल्या गल्ल्यांमधून चालल्या. इथे तोफूवाला साकुराई, इथे न्हावी, इथे ओल्या छत्र्या लावायची पितळी दांडी, इथे माझं दार. दारापाशी कोन्नोसानांनी बूट काढले. मग पुन्हा घातले.

त्यानंतर अकरा वर्षं. नंदिनी परत आली नाही. मंजुषाताईंनी डब्याच्या दुकानात बाइतो धरला, म्हणजे तासांवरची नोकरी. रविवारी मात्र सायकल आणि युरिआगे. सुरुवातीला दोघी, मग कोन्नोसानांचे गुडघे गेल्यावर एकट्या. ढिगारे उपसले गेले, बांध आला, त्यावर सायकलींचा रस्ता आला. गामोच्या दलदलीत बोरू परत उगवले, खेकडे आले, मग पक्षी आले. गावाचा अर्धा भाग मातीचा भराव घालून उंच केला आणि तिथे नवी घरं झाली. त्यातल्याच सरकारी इमारतीत कोन्नोसानांना दोन खोल्या मिळाल्या. समुद्राकडच्या अर्ध्या भागात घर बांधायला आता परवानगी नाही. तिथे गवत आहे आणि गवतातून गेलेला एक नवा, सरळ, सुंदर रस्ता. कोन्नोसानांची गल्ली त्या गवताखाली आहे.

"मी मेले की हे कुठे वळायचं ते फक्त तुला ठाऊक असेल," एकदा त्या म्हणाल्या. "आणि तू उद्या तुझ्या देशात गेलीस, की झालं."

म्हणून पट्टी हवी होती. मंडळाच्या वाटेत, मंडळाच्या नकाशात त्या गल्ल्या यायला हव्या होत्या, म्हणजे ताईंच्या माघारीही कुणीतरी तिथे वळेल. शैलेंद्र म्हणाला, "कशाला डोकं फोडतेस? आपण परके आहोत इथे." त्या म्हणाल्या, "तू असशील."

ओयिकावासान वाईट माणूस नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले, मिशी कापूस लावल्यासारखी पांढरी, सायकल माझ्या वर्षभराच्या भाड्याएवढी महाग. ते म्हणाले, परदेशी गाईड म्हणजे जरा... ममाचारी म्हणजे जरा... विमा, भाषा, वेळापत्रक, जरा... पाचव्या खेपेला ते थकले आणि त्यांनी परीक्षा ठेवली. ऑक्टोबरचा एक रविवार, दहा माणसं, आठला गामोहून निघायचं, अकराच्या आत युरिआगेच्या कालव्याकाठच्या चौकात पोहोचायचं. ओयिकावासान मागून घड्याळ घेऊन येणार. वेळ पाळली तर पट्टी. दहा माणसांतली दहावी मी. भाड्याची सायकल आणि दुखणारी कंबर.

सुरुवात छान झाली. ताईंनी सगळ्यांना दलदलीच्या कडेला उतरवलं आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही असं सांगितलं. माणसं गप्प झाली तशी चिखलातली भोकं हलायला लागली, आणि बघता बघता शेकडो खेकडे बाहेर. एक निवृत्त मास्तरीणबाई लहान मुलीसारखी टाळी वाजवायला गेली आणि तिने आपलीच टाळी अडवली. ओयिकावासानांनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलं असावं.

साडेनऊला वाटेतल्या आराहामा गावाच्या पुढे एका चौकात पोलिसाने हात केला. तरुण पोरगा, अतिशय अदबशीर. ताई सगळ्यांत पुढे होत्या म्हणून त्यांना थांबवलं की आणखी कशामुळे, ते त्याने सांगितलं नाही. माझ्या कपाळाची शीर मात्र उडायला लागली.

"माफ करा, सायकलची नोंद तपासतोय."

इथे प्रत्येक सायकलची पोलिसांकडे नोंद असते. सीटखालच्या दांडीवर छोटंसं स्टिकर, त्यावर नंबर. नंबर सांगितला की मालकाचं नाव निघतं. त्याने वायरलेसवर नंबर सांगितला, वाट पाहिली आणि विचारलं, "तुम्ही नंदिनीसान का?"

आता सांगा, आपल्यातल्या कुणी कधी ही नोंद बदलली आहे? आपल्या लोकांत एक कुटुंब परत गेलं की दुसऱ्याला कुकर, उरलेली तूरडाळ आणि सायकलची किल्ली. कागद करायचे असतात हे कुणाच्या गावीही नसतं. माझी पहिली सायकल अशाच चार घरांतून माझ्याकडे आली होती.

"नाही," ताई म्हणाल्या. "पण सायकल माझी आहे."

"मालक नंदिनीसान आहेत."

"त्या अकरा वर्षांपूर्वी गेल्या."

पोलिसाचा चेहरा पडला. "गेल्या" म्हणजे तो काय समजला, हे त्या किनाऱ्यावर उभं राहून वेगळं सांगायला नको. ताईंनी घाईने सांगितलं, "पुण्याला, पुण्याला!"

नंदिनीला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात पहाटेचे सव्वासहा. चौथ्यांदा तिने उचलला, केस विस्कटलेले, आवाज झोपेतला. "पोलीस? मंजू, काय केलंस तू?" ताईंनी फोन पोलिसासमोर धरला. बिचारीचं जपानी कधीच विरघळून गेलेलं. तिने दोन्ही हात पडद्याकडे पुढे केले आणि एकच शब्द, मोठमोठ्याने, पुन्हा पुन्हा, "दोझो! दोझो! दोझो!" म्हणजे घ्या, न्या, तुमचंच आहे. पोलीस हसला. मीही हसले आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, कारण नंदिनी हळू आवाजात विचारत होती, "ती अजून चालते?"

"चालते की. चेन तिसरी, टायर सहावं, बाकी तीच आहे."

"मंजू, मी त्या दिवशी बसमध्ये बसले ते..."

"ते राहू दे आता. मला उशीर होतोय."

मग फॉर्म, सही, ओळखपत्र. पोलिसाने बजावलं, आठवड्याच्या आत नोंद स्वतःच्या नावावर करून घ्या. "माझ्या नावावर?" ताई म्हणाल्या. "घराचा करार नवऱ्याच्या नावावर, वीज नवऱ्याच्या नावावर, फोनसुद्धा. बरं झालं आठवण केलीत." पंचेचाळीस मिनिटं गेली होती.

त्यानंतर त्या बाईने जी सायकल हाणली! गिअर नसलेली ममाचारी पुढे आणि माझ्यासकट दहा माणसं धापा टाकत मागे. डावीकडे बांध, उजवीकडे कालवा, मधूनच उरलेला एखादा पाइन. पूल ओलांडून हियोरियामाच्या पायथ्याशी आलो तेव्हा अकराला दहा कमी होती. समोर गवतातून जाणारा सरळ रस्ता, त्याच्या टोकाला चौक दिसत होता. पाच मिनिटांचं काम. मी मनातल्या मनात त्यांच्या दंडावर पट्टी बांधूनही टाकली.

मंजुषाताई सायकलवरून उतरल्या.

"इथून सगळ्यांनी सायकल हातात धरून चालायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या मागे, एका ओळीत."

मी पुढे जाऊन मराठीत कुजबुजले, "ताई, आज नको. आज सरळ चला. एकदा पट्टी मिळाली की मग पाहिजे तसं फिरवा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि मग? एकदा सरळ गेले की सरळचीच वाट होते, चैत्राली."

मागून ओयिकावासान आले. "मंजुषासान, रस्ता समोर आहे. वेळ..."

"सरळ गेलं तर साकुराईंच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं," ताई म्हणाल्या आणि वीस पावलं मोजून डावीकडे गवतात वळल्या.

गुडघ्याएवढ्या गवतातून आम्ही सायकली ढकलत होतो आणि त्या पुढून सांगत होत्या. हा तोफूवाला, पहाटे चारला दिवा लावायचा, त्याच्या दिव्यावर होडीवाले उठायचे. हा न्हावी, याला केसांपेक्षा गप्पा जास्त कापायची सवय. इथे छत्र्यांची दांडी. इथे वळताना घंटी वाजवायची, समोरून पोरं येतात. आणि त्यांनी घंटी वाजवली. मागच्या मास्तरीणबाईंनीही वाजवली. मग सगळ्यांनी. त्या मोकळ्या गवतात अकरा घंट्या वाजल्या, आणि खरं सांगते, त्या कोपऱ्यावर मी बाजूला सरून जागा दिली.

चौकात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. कोन्नोसान बाकावर काठी टेकून बसल्या होत्या, मांडीवर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी.

"उशीर केलास."

"मधल्या गल्लीने आलो."

"मग होणारच," कोन्नोसान म्हणाल्या. "तोफूवाल्यापाशी थांबलात ना?"

ओयिकावासानांनी वहीत फुली मारली. मला ती लांबूनही दिसली.

बुधवारी मंडळाचं पत्र आलं. छापील, शिक्क्याचं. त्यात "जरा" नव्हतं. खेदपूर्वक कळवण्यात येते की आपली निवड झालेली नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी वर गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात कणकेचे हात तसेच ठेवून रडत होत्या. शैलेंद्र बाजूला उभा, काय करावं न कळून त्याने दुसऱ्यांदा चहा टाकला होता. मला इतका राग आला की मी मंडळाला, पोलिसाला, सगळ्या जपानला आणि ओघात शैलेंद्रलाही शिव्या घातल्या.

ताईंनी नाक पुसलं, कणीक नाकाला लागली. पत्र पुन्हा वाचलं.

"चला, चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट नाही म्हणालं," त्या म्हणाल्या. "आता विचारायचं कुणाला राहिलंच नाही. रस्ता काय मंडळाच्या मालकीचा आहे? चैत्राली, तुझ्याकडे जाड पुठ्ठा आहे?"

पुठ्ठ्यावर त्यांनी जपानीत लिहिलं, "युरिआगेच्या गल्ल्या. दर रविवारी आठ वाजता. हळू चालणाऱ्यांसाठी." खाली स्वतःचं नाव, जपानीत आणि ठसठशीत देवनागरीत. त्याचा फोटो त्यांनी त्या रविवारच्या सगळ्यांना पाठवला. शनिवारी नंदिनीच्या सहीचा फोटो आणि कागद घेऊन त्या सायकलच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, एवढ्या जुन्या सायकलीपेक्षा नवी घ्या. त्या म्हणाल्या, "मीही जुनीच आहे. स्टिकर लावा." मालकाच्या रकान्यात त्यांनी नाव लिहिलं, तेव्हा मी मुद्दाम शेजारी उभी होते.

रविवारी आठला गामोला धुकं होतं. पुठ्ठा टोपलीला बांधून ताई उभ्या, शेजारी मी. मला वाटलं, आम्ही दोघीच. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या, सोबत बहीण. मग त्या दिवशीचं एक तरुण जोडपं. मग आणखी एक जोडपं. आम्हाला सोडून सहा माणसं झाली. निघणार तोच धुक्यातून ती महागडी सायकल आली. ओयिकावासान. दंडावर पट्टी नव्हती. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली होती, कोपरा दिसत होता.

"आज मी पाहुणा म्हणून आलोय," ते म्हणाले. "गेल्या रविवारी मी फक्त घड्याळ बघत होतो. कुठे वळलो ते मला आठवत नाही." त्यांच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल होती. "नकाशा काढावा म्हणतो."

मंजुषाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या सायकलीकडे. कमरेत वाकून सीटखालची दांडी नीट तपासली.

"नोंदीचं स्टिकर कुठे आहे?"

ओयिकावासान लाल झाले. सायकल त्यांनी परदेशातून थेट मागवली होती. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान थोडी वाकडी केली. "ते जरा..."

"जरा काय? आहे की नाही?"

सहाही माणसं बघत होती. दलदलीत एक पक्षी ओरडला.

"नाही," ओयिकावासान म्हणाले.

"मग तुम्ही सगळ्यांत शेवटी," मंजुषाताई म्हणाल्या आणि पॅडलवर पाय ठेवला. "आणि मी वळेन तिथेच वळायचं. लोकांच्या घरातून जायचं नाही."